शिट्टी वाजली की थांबायचं

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून मी कोच. मुलींचा बास्केटबॉल संघ, नात अक्षताची शाळा. ही डायरी २०१९ ची, फॅक्टरीतून रिटायर झालो तेव्हा मिळालेली. कोरीच पडली होती. वार खोडून लिहितोय. कुणाला दाखवायची नाही. कामाची नोंद म्हणून.

कसं झालं ते लिहून ठेवतो. खेळाचे चेतन सर स्कूटरवरून पडले, पाय मोडला. मोठ्या बाईंनी पालकांची मीटिंग घेतली. संघाबरोबर कुणीतरी मोठं माणूस उभं राहायला हवं म्हणाल्या. भरल्या हॉलमधून त्यांनी नेमकं मला निवडलं. बाकीचे तोवर निघून गेले होते, पण तो मुद्दा नाही.

मी सांगितलं, खेळातलं मला कळतं. एकोणनव्वद साली फॅक्टरीच्या व्हॉलीबॉलला नेट मी बांधलं होतं. फायनलपर्यंत सैल पडलं नाही.

मोठ्या बाईंनी एक गोष्ट स्पष्ट केली. मागचं कोर्ट दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या गाड्यांना देणार. संस्थेने ठरवलंय. संघ सेमीफायनलला गेला तरच कोर्ट राहील. म्हणजे दोन मॅच जिंकायच्या. म्हटलं, बाई, कोर्ट राहिलं असं समजा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सात पोरी. पाच खेळणार, दोन बसणार. कॅप्टन आलिमा, आमच्या जब्बारची नात. जब्बार आणि मी फॅक्टरीत एका सेक्शनला एकतीस वर्षं. आता तो खडकी बाजारात पोराच्या बुटांच्या दुकानात बसतो. बसतो म्हणजे बोलतो.

चेतन सरांचा फोन. वॉर्म-अप घ्या, स्ट्रेचिंग घ्या, पाणी घोट-घोट द्या, मुलींना मोटिव्हेट करा. हे सांगायला अर्धा तास. आम्ही तोफेचे गोळे भरले, आधी कुणी मांड्या ताणल्या नाहीत. हो हो म्हटलं. करणार नाही.

पहिला धडा, शिट्टी. माझी पितळी, फॅक्टरीतली. नियम साधा. शिट्टी वाजली की हातातलं खाली ठेवायचं, हात मोकळे, जागेवर ताठ उभं. का वाजली ते नंतर विचारायचं. ह्या शिट्टीच्या जोरावर माझ्या सेक्शनला अठरा वर्षांत एकाचंही बोट गेलं नाही. जब्बारचं अर्धं गेलं, पण ते कँटीनच्या पंख्यात.

आलिमाने विचारलं, सर, बास्केटबॉलमध्ये बॉल खाली कशाला ठेवायचा? म्हटलं, नंतर विचारायचं हे आत्ताच सांगितलं ना.

पाचपैकी थांबल्या: २.

१६ ऑगस्ट, शनिवार

चेतन सरांनी मोबाइलवर चित्रं पाठवली. गोल, बाण, तुटक रेषा. घराचं वायरिंग वाटतं. हिराला दाखवलं. ती म्हणाली, अहो, रांगोळी छान आहे, कुणी काढली?

माझा प्लॅन फळ्यावर लिहिला. एक, बॉल आणा. दोन, आत टाका. घरी आल्यावर अक्षता म्हणाली, आबा, मधलं काय? म्हटलं, मधलं कळत जातं.

थांबल्या: २. त्यातली एक लेस बांधायला थांबली होती, पण धरली.

लेसवरून आठवलं. सुटलेली लेस हा गुन्हा आहे. फॅक्टरीत सुटलेल्या लेसला मी मशिनी बंद केल्यात. सातही जणींना पुढे उभं करून सांगितलं. दोघींनी जांभई दिली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नववीच्या मुलांशी प्रॅक्टिस मॅच. ६-३८. सहा आपले.

तरी समाधान आहे. शून्यावरून सहावर आलो. ह्या हिशोबाने सप्टेंबरपर्यंत पन्नास.

शेजारच्या मैदानावर ढोल पथकाची प्रॅक्टिस. चाळीस ढोल. शिट्टी कुणाला ऐकू जात नाही. फुफ्फुसं वाढवायला हवीत. उद्यापासून घरी सकाळी वीस शिट्ट्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

घरी वीस शिट्ट्यांचा कार्यक्रम बंद. सहाव्या शिट्टीला हिरा बाहेर आली. म्हणाली, अहो, कुकरच्या तीन मोजते आहे मी, तुमच्या मिळून नऊ झाल्या. डाळीचा लगदा झाला. दोष माझ्यावर.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. शाळेला सुट्टी. ठरवलं होतं, सुट्टीत नियमांचं पुस्तक पूर्ण वाचायचं. चार पानं झाली. प्रत्येक नियमाला पोटनियम, पोटनियमाला अपवाद. सातवी पास माणसाला कळत नाही असं नाही, पण सरळ लिहायला काय होतं? पुस्तक लिहिणाऱ्याच्या कानाशी वेळेत कुणी शिट्टी वाजवली नाही.

एक शोध लागला. टाइम-आउट म्हणून प्रकार असतो. खेळ चालू असताना कोच मागतो, सगळे बाजूला येतात, पाणी पितात, गोल उभे राहून हातावर हात ठेवतात. म्हणजे चहाची सुट्टी. मी एकही घेणार नाही. ठराव पक्का.

२ सप्टेंबर, मंगळवार

पोरी रोज प्रॅक्टिसनंतर चेतन सरांच्या घरी जातात. भेटायला म्हणे. तासभर. घामेजून परत येतात. अक्षताला विचारलं, पेशंटजवळ एवढा वेळ बसू नये, काय करता? म्हणाली, काही नाही आबा, बोलतो.

खेळ मात्र एकदम सुधारला. एकमेकींकडे न बघता पास देतात. एक जण भिंतीसारखी उभी राहते, दुसरी तिला वळसा घालून आत. हे मी शिकवलेलं आठवत नाही, पण मधलं कळत जातं म्हणालो होतो ते खरं झालं.

थांबल्या: ३.

आज लवकर गेलो होतो. आलिमा एकटीच कोर्टावर. डब्यातून फक्की सोडत रेषा काढत होती. मूळ रंग कधीच गेलाय. रोज सकाळी ती आणि अक्षता आळीपाळीने रेषा काढतात, दुपारपर्यंत पुसल्या जातात. म्हणाली, सर, कोर्ट गेलं तर आम्हाला दुसरीकडे कुठे रिंग नाही. मी विचारलंय तीन ठिकाणी. मुलांची टर्न असते म्हणतात.

म्हटलं, रेष वाकडी आलीये, सरळ कर.

नंतर वाटलं, आणखी काही बोलायला हवं होतं. पण नाटकं नकोत.

९ सप्टेंबर, मंगळवार

विश्रांतवाडीच्या एका शाळेशी मैत्रीची मॅच. २२-२४. हरलो, पण हा पराजय धरायचा नाही. त्यांच्या पोरी उंच होत्या. आमच्या पोरींना उंची कमी पडते ती घरच्या जेवणामुळे. त्यात कोचचा संबंध नाही.

थांबल्या: ४. अक्षता थांबली नाही. पळत जाऊन बास्केट करून आली आणि मग उभी राहिली. घरचीच पोरगी. सगळ्यांदेखत बोललो. अठरा वर्षांत एकच माणूस असा नडला होता, त्याचं नाव जब्बार.

जब्बार कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता. ओरडला, उत्तरेश्वर, लेका, हे बास्केटबॉल आहे का शोकसभा? पोरी उड्या मारायला लागल्या की तू त्यांना उभं करतोस.

त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. संघाला नवीन लेसा त्याच्या दुकानातून आल्यात, म्हणून तोंड उघडलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६

पहिली मॅच जिंकलो!

समोरचा संघ आलाच नाही. त्यांची बस स्वारगेटला अडकली. वीस मिनिटं वाट पाहून रेफ्रीने आम्हाला विजयी केलं. आमच्या तयारीची बातमी त्यांच्यापर्यंत गेली असणार. बस निमित्त.

पोरी नाराज. आलिमा म्हणाली, खेळायला मिळालं नाही. विजयावर नाराज होणारी पिढी.

जब्बार म्हणाला, तुझ्यापेक्षा स्वारगेटचा सिग्नल चांगला कोच आहे.

आता एकच मॅच. शुक्रवारी. ती जिंकली की सेमीफायनल, की कोर्ट आपलं. मोठ्या बाईंना जाऊन सांगून आलो, बाई, गाड्यांसाठी दुसरी जागा बघून ठेवा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शिट्टी चिंचेने घासली. सोन्यासारखी दिसते.

चेतन सरांचा फोन. काका, एक लक्षात ठेवा, मॅचमध्ये आपण शिट्टी वाजवायची नसते. रेफ्रीचीच वाजते. आणि शेवटचं एक मिनिट राहिलं की टाइम-आउट घ्या, मुलींना श्वास घेऊ द्या. पहिलं माहीत आहे म्हटलं. दुसऱ्याला काही म्हटलं नाही.

शिट्टी घरी ठेवू का? इतकी वर्षं गळ्यात आहे. नसली की मान हलकी लागते. गळ्यात असेल, वाजवणार नाही. एवढा कंट्रोल आहे.

ठराव: उद्या घाबरायचं नाही, ओरडायचं नाही, टाइम-आउट नाही, नाटक नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०

हिराने हातावर दही-साखर ठेवली. म्हटलं, खेळणार अक्षता आहे. म्हणाली, तिला दिलं. तुम्हाला गप्प राहायला दिलं.

१९ सप्टेंबर. दुपारी २.१५

हरलो. २७-२८. एका पॉइंटने.

कारण, रेफ्री. चोवीस-पंचविशीचा पोरगा, केसाला जेल. दुसरं कारण, मैदान. दोन कोर्टं अगदी चिकटून, शेजारी मुलांची मॅच. सकाळपासून त्या कोर्टावरच्या शिट्ट्या ह्या कोर्टावर ऐकू येत होत्या. अशा गोंगाटात कोणती शिट्टी कोणाची, माणसाला कळावं कसं.

जेवलो नाही.

१९ सप्टेंबर. दुपारी ४.३०

शांत डोक्याने लिहितो.

पोरी खेळल्या. हे लिहायलाच हवं. पहिल्या हाफला आठने मागे होतो. नंतर आलिमा आणि अक्षताने काय केलं देव जाणे, बॉल नुसता ह्या हातातून त्या हातात. मी काही सांगायला तोंड उघडायच्या आत बास्केट. एक मिनिट राहिलं तेव्हा एकने पुढे. सत्तावीस-सव्वीस. बसलेल्या दोघी माझ्या दोन्ही दंडांना लोंबकळत होत्या. टाइम-आउट सगळे शिल्लक होते. एकही वापरला नाही.

नऊ सेकंद राहिले. बॉल आलिमाकडे. फक्त धरून ठेवायचा होता. नऊ सेकंद. समोरच्या पोरी दमलेल्या. त्यांना ज्या रिंगमध्ये टाकायचा ती रिंग आलिमाच्या मागे चार पावलांवर, पण बॉल आपल्याकडे. काही भीती नव्हती.

तेवढ्यात कुठूनतरी एक शिट्टी वाजली.

आमच्या पोरी थांबल्या. समोरच्या एका पोरीने इकडे-तिकडे बघितलं, बॉल उचलला, टाकला. रेफ्री म्हणाला, मी वाजवली नाही, बास्केट धरणार.

शिट्टी कुठून वाजली हा वादाचा मुद्दा आहे.

१९ सप्टेंबर. संध्याकाळी ७

शिट्टी माझी होती.

आलिमाची डाव्या पायाची लेस सुटली होती. लांब, पांढरी, जमिनीवर लोळत होती. आणि पोरगी मागे सरकत होती. एकतीस वर्षं. सुटलेली लेस आणि हलता माणूस एकत्र दिसला की हात आपोआप गळ्याकडे जातो. मी वाजवायचं ठरवलं नव्हतं. सेफ्टी म्हणून वाजली. लेस जब्बारच्या दुकानातली, गुळगुळीत, गाठ धरत नाही. हेही कारण लिहून ठेवतो.

शेजारच्या शिट्ट्यांची सगळ्यांना सवय झाली होती. समोरच्या पाच जणी खेळत राहिल्या. आमच्या पोरींना फक्त माझी सवय होती.

आलिमाने बॉल खाली ठेवला. दोन्ही हातांनी, सावकाश, जमिनीवर. हात मोकळे. ताठ उभी. अक्षता तिच्या मागे, ताठ. बाकी तिघी जिथल्या तिथे. एकही हलली नाही. त्या पोरीने आलिमाच्या पायाजवळून बॉल उचलला तरी हलली नाही. नजर सरळ माझ्याकडे. आता नंतर झालं, आता सांगा का वाजवली, अशी.

थांबल्या: ५.

पाचपैकी पाच. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

२० सप्टेंबर, शनिवार

अक्षता काल घरी आल्यावर सरळ अभ्यासाला बसली. रडली असती तर बरं होतं. आज सकाळी पोहे खाताना म्हणाली, आबा, तुम्ही शिट्टी वाजवलीत, आम्ही थांबलो. बरोबर केलं ना?

म्हटलं, बरोबर केलं.

म्हणाली, मग ठीक आहे. ताटली उचलून गेली.

हिराने कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. प्रत्येक शिट्टीला ती माझ्याकडे बघत होती.

२१ सप्टेंबर, रविवार

जब्बारच्या दुकानात गेलो. भांडायला. उरलेली एक लेस परत करायला.

मी बोलायच्या आधी त्याने स्टूल सरकवलं, चहा सांगितला. वाटलं, आता सुरू होईल. वीस मिनिटं झाली, एक टोमणा नाही. शेवटी मीच म्हटलं, बोल काय बोलायचंय ते. म्हणाला, आलिमा घरी आल्यावर आरशासमोर बूट घालून लेस बांधत बसली होती. सोडायची, परत बांधायची. मी म्हटलं, बेटा, तुझी चूक नाही, त्या म्हाताऱ्याची आहे. तर मलाच बोलली. म्हणाली, नाना, सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चहा गार झाला. लेस खिशातच राहिली.

जब्बारने टोमणा न मारणं हे एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तब्येत दाखवायला सांगितली त्याला.

२४ सप्टेंबर, बुधवार

चेतन सर कुबड्या घेऊन शाळेत आले. म्हणाले, काका, एक मिनिट राहिलं तेव्हा टाइम-आउट घेतला असता तर तिने लेस बांधली असती. एवढंच. रागावले नाहीत. हल्लीचे लोक रागावत नाहीत, एवढंच म्हणतात.

त्यांच्याकडून कळलं की पोरी रोज त्यांच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करायच्या. सर गॅलरीतून पाय लांब करून सांगायचे. भिंत, वळसा, न बघता पास, सगळं तिथलं. मला का सांगितलं नाही विचारलं. म्हणाले, मुलीच नको म्हणाल्या. सरांना वाईट वाटेल म्हणाल्या.

म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल? मला काही वाटत नाही.

मोठ्या बाईंकडे गेलो. सांगितलं, बाई, एक पॉइंट. तोही माझा. पोरींचा धरू नका. कोर्ट राहू द्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, उत्तरेश्वरराव, आपली तळमळ कळते, पण डांबराचं काम आधीच दिलंय. ऑगस्टमध्येच. म्हटलं, मग सेमीफायनलचं का बोललात? म्हणाल्या, मुली म्हटल्या की काहीतरी सांगावं लागतं.

बाहेर आलो. माझ्यासारखंच एक शहाणं माणूस ह्या शाळेत आहे हे माहीत नव्हतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ठराव: संस्थेला अर्ज लिहायचा. अक्षताकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचं.

३० सप्टेंबर, मंगळवार

अर्ज दिला. शिक्का मारून घेतला. सातही जणींच्या सह्या, माझी, जब्बारची. अर्जात शिट्टीचा उल्लेख नाही, पोरींनी खोडला. शिपाई म्हणाला, ठेवा त्या फायलीत. फाईल जाड होती.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.२०

शाळा उघडली. कोर्टावर डांबर. पिवळ्या ऑइलपेंटच्या रेषा, एकदम सरळ. चौतीस गाड्या बसतात. एक पोल उपटून नेला. दुसरा निघाला नाही, खाली काँक्रीट खोल आहे. तेव्हा एक रिंग आहे, खाली सहा हात मोकळी जागा, कारण तिथे पोलमुळे गाडी वळत नाही.

गेटवर मोठ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, अर्जावर विचार चालू आहे. आणि सकाळी अर्धा तास गाड्या लावायला शिस्तीचं माणूस हवंय. आपल्याकडे शिट्टी आहेच.

नाही म्हणणार होतो. पण कुणी गाड्या त्या रिंगखाली घुसवू नयेत म्हणून हो म्हटलं. पहिलाच दिवस आज.

आठ वाजता पोरी आल्या. रिंगखालच्या सहा हातांत फक्की मारली आणि सुरू झाल्या. आलिमाच्या दोन्ही लेसांना डबल गाठ. तेवढ्यात विज्ञानाचे सर स्कूटर मागे घेत थेट तिकडे. बघत नाहीत, कानात गाण्यांचं यंत्र. मी जोरात वाजवली. फुफ्फुसं फाटेपर्यंत.

सरांना ऐकू गेलं नाही. पळत जाऊन स्कूटर मागून धरली, दोघं मिळून आडवे होता होता राहिलो.

अक्षताने पास दिला, आलिमाने न बघता घेतला, वर टाकला. आत गेला. मान वळवून कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

थांबल्या: ०.

बरोबर केलं.